राखीनंतर काढायचं प्लास्टर

माझं प्लास्टर ज्या कैचीने कापलं, ती माझ्याच कारखान्यातली होती. सुरतजवळच्या सचिन गावातल्या त्या कारखान्यात मी कापड तपासायच्या टेबलावर उभी असायचे. तिथली एक जुनी कैची मालकाला विचारून घरी आणली होती, गोण्यांची तोंडं आणि नारळाच्या शेंड्या कापायला. त्या दिवशी ती माझ्या पायावर चालली. आधी पाय गरम पाण्याच्या टबात बुडवून प्लास्टर भिजत घातलं होतं. पाण्यात सासूने चिमूटभर हळद टाकली, कारण काम देवाचं होतं. जाऊ तांब्याने वरून पाणी ओतत होती. कापायला सासू स्वतः बसली, पदर खोचून, जिभेचं टोक दातात धरून, पोत्याची शिवण उसवावी तशी.

डॉक्टरने सांगितलं होतं, राखीनंतर काढायचं. राखीला अजून अवकाश होता. कानबाई मात्र उद्यावर आली होती.

पण मी मधूनच सुरू केलं. नीट क्रमाने सांगते. आमच्या भाऊबंदकीत ही गोष्ट आता दुसऱ्याच तऱ्हेने सांगितली जाते, आणि तीत सगळा दोष माझ्या चपलेचा, माझ्या मोबाइलचा आणि शेवटी माझ्या खाजेचा आहे.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहतो. खाली खांब आणि पार्किंग, वर घरं. नवरा, मी आणि सासू एका मजल्यावर, धाकटा दीर आणि जाऊ वरच्या मजल्यावर, जेवण मात्र एकत्र. दीर कडोदऱ्याच्या लूमवरून कोऱ्या कापडाचे तागे उचलून मार्केटला पोचवतो. त्यासाठी त्याने नवा टेम्पो घेतला होता. गाडी मागे घेताना पीं-पीं वाजतं ना, ते वाजणं त्याने टेम्पो आणला त्याच आठवड्यात काढून टाकलं, कारण पहाटे त्या आवाजाने आईची झोप मोडत होती. आईवर फार जीव आहे त्याचा. सासूच्या झोपेपायी माझा पाय गेला, हे मी आजही कोणाला पटवू शकत नाही.

सकाळची वेळ होती. खांबाजवळ उभी राहून मी मोपेडच्या हुकाला डबा अडकवत होते. टेम्पो मागे मागे आला. मी ओरडले, पण आत गाणी लागली होती, आणि तो आरशात रस्ता बघत होता की स्वतःचे केस, ते त्यालाच ठाऊक. टेम्पोची मागची लोखंडी पट्टी आणि खांब यांच्यामध्ये माझी डावी पोटरी सापडली. हाड मोडल्याचा आवाज येतो म्हणतात. मला आला नाही, मला शेवटपर्यंत गाणंच ऐकू येत होतं.

तो उतरला. आधी त्याने मागचा दिवा फुटलाय का ते पाहिलं. मग मला पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, आवाज त देवाना व्हता." आवाज तरी द्यायचा होता, म्हणे.

माझा पाय सोडवायला त्याने टेम्पो पुढे घेतला. तेवढ्यात सासू आणि नवरा खाली आले होते, आणि मला रिक्षात घालायच्या आधीच काय सांगायचं ते ठरलंही होतं. दिराच्या लायसन्सची मुदत संपलेली. गाडीने झालं म्हटलं की हॉस्पिटलवाले पोलिसांना कळवणार, पोलिस टेम्पो नेऊन उभा करणार. म्हणून मी जिन्यावरून पडले. रिक्षात सासूने माझं डोकं मांडीवर घेतलं होतं. केसांवरून हात फिरवत ती कानाशी सांगत होती, जिना, जिना, विसरू नको. लग्न झाल्यापासून तिने माझ्या केसांवरून हात फिरवल्याची मला दुसरी आठवण नाही.

हाडांचा डॉक्टर गुजराती होता. तोंडाचा तिरसट, हाताचा हलका. त्याने पोटरीच्या पुढचा वळ पाहिला, मागचा वळ पाहिला, मग माझ्याकडे पाहून विचारलं, "बेन, दादरेथी पडी गया?" दादर म्हणजे जिना, एवढं गुजराती सुरतेत सगळ्यांना येतं. सासू म्हणाली हो. नवरा म्हणाला हो. मला त्या घटकेला दुखणं थांबवणारी सुई हवी होती. मला विमानातून पडलीस का असं विचारलं असतं तरी मी मान हलवली असती. डॉक्टरने कागदावर जिना लिहिला. जिन्याला दोन बाजू नसतात हे त्याला कळत होतं, पण बाहेर बाकावर माणसं खोळंबली होती.

प्लास्टर मांडीपर्यंत घातलं. जपायचं काय ते त्याने नवऱ्याला समजावून सांगितलं. पाय जमिनीला टेकवायचा नाही. प्लास्टरला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. बोटं बधिर झाली, निळी पडली, तर तसंच उठून यायचं. दिलेल्या तारखांना येऊन फोटो काढायचा, हाड जागेवर आहे ना ते बघायचं. राखीनंतर प्लास्टर काढू, मग व्यायाम, मग काठी, मग चालणं. हाड त्याचं काम करेल, तुम्ही मध्ये पडू नका, असं तो शेवटी म्हणाला. नवरा सगळ्याला हो हो करत होता. माझा नवरा वाईट नाही. तो फक्त प्रत्येकाला हो म्हणतो, आणि शेवटी जो बोलला असेल त्याचं ऐकतो.

बोटं संध्याकाळीच बधिर झाली. आत पाय फुगत होता आणि प्लास्टर काही फुगत नव्हतं. मी रडून सांगितलं. सासू म्हणाली, बांधलेला पाय बधिर नाही होणार तर काय नाचणार? आणि सारखं सारखं हॉस्पिटलात गेलं की ते सारखं सारखं विचारणार. नवऱ्याने आधी माझं ऐकलं, मग तिचं ऐकलं. उशीवर पाय ठेवून मी पडून राहिले.

मग बघायला बायका येऊ लागल्या. आमच्यात कोणाचा पाय मोडला की बघायला जावंच लागतं, आणि गेल्यावर ज्यांचे पाय पुढे कापावे लागले अशांच्या गोष्टी सांगाव्याच लागतात. मी कॉटवर, त्या खाली चटईवर, आणि सासू जिन्याची कथा सांगणार. पहिल्या दिवशी पायरी ओली होती. पुढे पायरी कोरडी झाली आणि माझी चप्पल घसरटी झाली. त्यानंतर मी मोबाइलवर बोलत उतरत होते. मग मोबाइलवर माहेरशी बोलत होते. सांगून सांगून तिचा स्वतःचाच त्या जिन्यावर विश्वास बसला. एका बाईला तिने ती पायरीसुद्धा नेऊन दाखवली. मी आतून ऐकत होते. खालून टेम्पोचा आवाज आला की मी दोन्ही हातांनी प्लास्टर धरायचे आणि सासू म्हणायची, आला गं माझा राजा.

पहिल्या तारखेला हॉस्पिटलात ती माझ्याबरोबर आली. डॉक्टरने मला विचारायचं आणि तिने उत्तर द्यायचं. दुखतं का? नाही. झोप लागते का? लागते ना, दिवसासुद्धा लागते. बोटं हलवा म्हणाला. मी हलवली, अंगठा काही हलेना. बधिर वाटतं का, त्याने विचारलं. मी हो म्हणायच्या आत ती हसून म्हणाली, तिला सगळंच जास्त वाटतं. डॉक्टरने बोटाला सुई टोचून पाहिली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा विचारलं, नक्की जिनाच ना? सासूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात वजनदार होता. त्याने फोटो दिव्यासमोर धरला, हाड मात्र सरळ रेषेत होतं. सरस, तो म्हणाला. आता फक्त राखीपर्यंत थांबा.

त्या एका शब्दावर मी कितीतरी दिवस काढले. सरस. मला टेबलावर परत उभं राहायचं होतं. कापड तपासणं हे माझं काम मला आवडायचं. टेबलाच्या काचेखाली दिवा असतो, वरून कापड सरकत जातं आणि तुटका धागा, तेलाचा डाग, विरळ विणलेली जागा, सगळं उघडं पडतं. तिथे कोणी मध्ये बोलत नाही. दिवसभर उभं राहावं लागतं, तेवढीच अट. उभं राहता आलं नाही तर घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या, सासूच्या समोर, तिच्या टीव्हीसमोर, जन्मभर. माझा पाय म्हणजे माझं त्या घरातून रोज बाहेर पडणं होतं. हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटतं तिलाही होतं.

आता कानबाई. खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची कानबाई बसते. नारळाची देवी, नथ, डोळे, साडीचोळी, चौरंगावर. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे मुठीने गहू मोजून दळायचे, त्याचे रोट करायचे, आणि ते फक्त आपल्या भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला घासही नाही. सोमवारी सकाळी देवी उठते. घरची मोठी सून चौरंग डोक्यावर घेते आणि वाजतगाजत विसर्जनाला निघते. सुरतेत आमची माणसं गावाकडच्यापेक्षा जास्त धुमधडाक्यात कानबाई करतात. थोरलं घर आमचं, म्हणून देवी आमच्याकडे, आणि मोठी सून मी. खोटं कशाला बोलू, चौरंग डोक्यावर घेतला की मला फार बरं वाटायचं. वर्षातून एकदा सासू माझ्यापुढे खाली वाकायची.

मी धरूनच चालले होते की यंदा हे काम जाऊ करेल. पण रोटाचं दळण निघालं आणि सासू येऊन कॉटच्या पायथ्याशी बसली. मोठी सून असताना धाकटीने चौरंग उचलला तर भाऊबंद विचारतील, असं ती म्हणाली. धुळ्याहून मोठे काका येणार, म्हणजे माझे चुलत सासरे. ते रेल्वेत होते, प्रश्न विचारायची त्यांना सवय. किती मोडलाय, कसा मोडलाय, चला बघू तो जिना. त्यांच्यापुढे जिना टिकणार नाही. आणि काकांनीच टेम्पोच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली होती, लायसन्स चालू आहे असा दिराचा शब्द घेऊन. म्हणून मी उभी दिसायला हवी होते. थोडं लागलं होतं, आता बरी आहे.

मी म्हणाले, बरं, उभी राहते काठी घेऊन, प्लास्टरसकट. तेव्हा तिने माझ्या पायाकडे असं पाहिलं की जणू तिथे मेलेलं जनावर पडलंय. हॉस्पिटलात कोणाकोणाच्या हाताने बांधलेलं, इतके दिवस न धुतलेलं, वास येणारं. रोट करणारीने डोक्यावरून अंघोळ करायची असते, पायाच्या नखापर्यंत पाणी जावं लागतं.

"ज्या पायले पानी चालत नही," ती म्हणाली, "तो चुल्हाजोडे कसा चाली?" चुलीजवळ, म्हणजे देवीच्या रोटाजवळ.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला की हाड तर सरळच आहे असं डॉक्टर म्हणाला होता, चार दिवस इकडे तिकडे काय होतंय, सण झाला की परत घालून घेऊ. परत घालून घेऊ. उशीचा अभ्रा आहे जणू. मी नाही म्हणाले. स्पष्ट, मोठ्याने नाही म्हणाले. मग त्यांनी टब भरला, आणि एका पायावर उभी असलेली बाई किती नाही म्हणणार? दोघींनी काखेत धरून मला न्हाणीत नेलं.

प्लास्टर निघालं तेव्हा आतून माझा पाय निघाला असं वाटलं नाही. बारीक, पांढरट, साल सुटलेला, दुसऱ्याच कोणाचा तरी. जाऊने नाकाला पदर लावला. सासूने शिकेकाईने तो घोळून घोळून धुतला आणि म्हणाली, बघ, किती मोकळं वाटतंय की नाही. सगळ्यात चीड मला याची येते की मोकळं वाटलं. वारा लागला तेव्हा बरं वाटलं.

रविवारी मी पाटावर बसून रोट केले. काका आले, त्यांनी मला चालताना पाहिलं, हळू चाल म्हणाले आणि रोटाची चव घेतली. जिना त्यांनी विचारलाच नाही. सगळं सासूच्या मनासारखं पार पडलं. माझा पाय आतून ठणकत होता आणि मी दर वेळी उठताना भिंत धरत होते, पण घरात इतकी माणसं होती की भिंत धरणारी एक बाई कोणाच्या लक्षात येत नाही.

सोमवारी चौरंग माझ्या डोक्यावर दिला. पुढे गाण्यांचे भोंगे बांधलेला दिराचा टेम्पो, त्याच्यामागे मी, माझ्यामागे फुगड्या घालणाऱ्या बायका. सोसायटीच्या फाटकाशी स्पीडब्रेकर आहे. डावा पाय त्यावर टेकवला आणि पायात काहीतरी सरकलं. या वेळी आवाज आला. भोंग्यांतूनही मला तो आला. मी किंचाळले. दोन्ही हात वर चौरंगाला, म्हणून मला कशालाच धरता येईना. मी उभ्या जागी थरथर कापायला लागले, डोळे फिरले, तोंडातून लाळ आली.

आणि बायका ओरडल्या, आई आली. अंगात आई आली.

कोणीतरी चौरंग उचलून घेतला. दोघींनी मला मागून धरून उभं ठेवलं, कारण देवी खाली पडू द्यायची नसते. वाजवणाऱ्यांना जोर चढला. कोणी माझ्या कपाळाला कुंकवाचा मळवट भरला, कोणी पायावर लोटा ओतला, एक बाई त्याच डाव्या पायाला घट्ट मिठी मारून मुलाच्या नोकरीचं विचारायला लागली. मी सांगत होते पाय मोडला, पाय मोडला, आणि त्या म्हणत होत्या, हो माय, हो माय. समोर टेम्पोची मागची बाजू होती, तीच लोखंडी पट्टी. मी हात करून ओरडले, "यानीज ठोकं माले. या टेम्पोनी ठोकं."

 भोंगे बंद झाले. मला वाटलं, संपलं, कळलं यांना. दिराचा चेहरा पांढरा पडला होता. मग मोठे काका पुढे आले, हात जोडून म्हणाले की आईचा गाडीवर कोप आहे, नवी गाडी आणली आणि मान दिला नाही. लगेच टेम्पोच्या मागच्या पट्टीला हळदकुंकू लागलं, लिंबू बांधलं, चाकाखाली नारळ फुटला. मला खाली बसवायचं त्यानंतर कोणाला तरी सुचलं.

हॉस्पिटलात डॉक्टरने पाय पाहिला आणि हातातले कागद खाली ठेवले. मग त्याने विचारलं की प्लास्टर कोणी काढलं. सासू क्षणभरही अडखळली नाही.

"उसनेच काटा, साहेब. खुजली आती थी उसको."

एवढं बोलून तिने कपाळावर हात मारून घेतला, आता या बाईला काय म्हणावं अशा अर्थी. डॉक्टर माझ्यावर ओरडला. शिकलेली दिसतेस, कारखान्यात जातेस, अक्कल नाही? मी स्ट्रेचरवर होते, कपाळावर मळवट तसाच. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, जाऊ द्या साहेब, झालं ते झालं.

ऑपरेशन झालं, पायात सळई बसली. हाडाची टोकं मधल्या मध्ये चुरली होती, म्हणून पाय बोटभर आखूड राहिला. त्यापेक्षा वाईट म्हणजे पाऊल वर उचलत नाही. चालताना पुढचा भाग फरफटतो. व्यायामाला मी एकटी जायला लागले तेव्हा एकदा दार लावून डॉक्टरला सगळं खरं सांगितलं. टेम्पो, खांब, कैची, सगळं. त्याने माझा सगळ्यात पहिला फोटो काढून दिव्यासमोर धरला. मग म्हणाला की चेपलेला पाय आहे हे त्या दिवशी कळलं असतं तर तो सुजेल हे धरून चाललो असतो, एवढं घट्ट बंद प्लास्टर घातलंच नसतं, बोटांवर नजर ठेवली असती. पाऊल उचलणारी आतली शीर त्याच दिवशी दाबली गेली. आता ती परत येईल असं वाटत नाही. मी विचारलं, मग आता खरं सांगून काय उपयोग? तो म्हणाला, काही नाही, पण तारखा चुकवू नका.

कारखान्यात माझ्या टेबलावर दुसरी बाई उभी राहते. मला बसून धागे कापायचं काम देऊ केलं होतं, पण ते घरी आणूनही करता येतं, असं सासूने परस्पर सांगून टाकलं. दिराने टेम्पोच्या मागे, बरोबर त्या पट्टीच्या वर, रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, कानबाई कृपा. रोज सकाळी खिडकीतून मला ते वाचता येतं. तागे पुष्कळ मिळायला लागलेत त्याला. लायसन्सही नवं झालं.

पुढच्या वर्षी कानबाई आली. मी रोट केले, डोक्यावरून अंघोळ करून, पायाच्या नखापर्यंत पाणी घालून. आता पाणी चालत होतं. सोमवारी सकाळी चौरंगापुढे जाऊन उभी राहिले तेव्हा सासू मध्ये आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली की अंगात खोट असलेल्या बाईच्या डोक्यावर देवी देत नाहीत, धाकटी घेईल. शिवाय आईनेच हिचा पाय धरला, म्हणजे हिच्या हातून काही चुकलं असणार. बायकांनी माना हलवल्या. जाऊने चौरंग घेतला. माझ्याकडे पाहायचं तिने टाळलं.

मी भिंत धरून जिना उतरले. तोच जिना, ज्यावरून मी कधीच पडले नाही. खाली टेम्पो भोंगे बांधून तयार होता, मागे घेऊन फाटकाबाहेर काढायचा होता. मी जाऊन त्याच्या मागे उभी राहिले, त्याच खांबाजवळ. दिराने हॉर्न दिला. मी हलले नाही. तो उतरून आला, मागोमाग चौरंग, बायका, काका, सगळे येऊन थांबले. मी ओरडले नाही. थरथरलेही नाही. रोज बोलते त्याच आवाजात मी म्हणाले, "मना पाय कोनी मोडा, ते सांग. मंग सरकस मी." ते सांगितल्यावरच मी बाजूला सरकणार होते.

सगळे काकांकडे बघायला लागले. सासू माझ्याकडे बघत होती. तिला माझा आवाज चांगला माहीत आहे. मी शुद्धीत आहे हे त्या सगळ्यांत एकट्या तिला पक्कं कळलं होतं. मग ती पुढे झाली, पदर डोक्यावरून घेतला, वाकली आणि माझ्या डाव्या पायावर कपाळ टेकून ओरडली, आई आली.

झालं. कुंकवाची वाटी आली. ढोल सुरू झाला. मी म्हणत राहिले, मी आहे, मीच बोलतेय, पण देवी असंच म्हणते. मग दीर समोर येऊन गुडघ्यावर बसला. तो खरंच घाबरला होता, रडत होता.

"मी मोडा, माय. मनी चूक व्हयनी."

सगळ्या भाऊबंदकीसमोर तो ते बोलला, आणि इतके महिने मी ज्याची वाट पाहिली ते असं माझ्या पुढ्यात येऊन पडलं. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "माय, लेकरनी चूक पोटमा घाल." त्याने कसा पाय मोडला, कोणाचा मोडला, कधी मोडला, हे कोणी विचारलं नाही. आईने जाब विचारला, लेकराने चूक कबूल केली, विषय संपला. मला हाताला धरून खांबापासून बाजूला केलं, खुर्चीवर बसवलं, हातात नारळ दिला. टेम्पो निघाला. माफी देवीची मागून झाली होती, आता माझी मागायचं कारण उरलं नव्हतं. विसर्जनाहून आल्यावर सासूने मला विचारलं की दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवलीस का.

दुसऱ्या दिवशी माझी तारीख होती. सळईचा फोटो काढायचा होता. मी रिक्षा करून एकटी गेले. डॉक्टरने पायमोजा उतरवला आणि दचकला, पावलावर लाल दिसलं म्हणून. जखम आहे का, त्याने विचारलं. मी म्हणाले, कुंकू आहे, काल पूजा झाली. त्याने स्पिरिटचा बोळा घेऊन ते पुसून काढलं, आतलं हाड अंगठ्याने दाबलं आणि विचारलं, "दुखे छे?"

मी हो म्हणाले. हे मला विचारणारा तो एकटाच आहे, आणि विचारायचे त्याला पैसे मिळतात.